जावयाने लावायचं कुलूप

आमच्या घरात जावई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही. जिने केला तिला आपल्या स्वयंपाकघरात काय चालतं ते कोणाला कळू द्यायचं नसावं, एवढं मात्र नक्की. मलबारात आमच्यासारख्या घरांतल्या मुली सासरी जात नाहीत, नवरेच येतात. संध्याकाळी येतात, जेवतात, झोपतात आणि सकाळी आपापल्या कामाला जातात. त्यांना पुदियाप्ला म्हणायचं, म्हणजे नवा जावई. सत्तरीला टेकला, दात पडले, तरी तो नवाच. त्याचं ताट त्याच्या खोलीत जातं. मागेल ते मिळतं, न मागेल ते दुप्पट मिळतं. सासू त्याच्या समोर येत नाही, पडद्याआडून बोलते. मान इतका की माणूस गुदमरावा.

तर नगरपालिकेने आमचं स्वयंपाकघर सील करायचं ठरवलं, आणि कुलूप घेऊन आमच्याच पुदियाप्लाला पाठवलं.

आधी घराचं सांगते. चेरियपळ्ळीच्या गल्लीतलं शेवटचं घर आमचं. मागच्या दारात उभं राहिलं की ओहोळ दिसतो, ओहोळाच्या तोंडाशी समुद्र, आणि समुद्रात काळे खडक. त्या खडकांना शिनाणे चिकटतात, हिरवट-काळे लांबट शिंपले. गल्लीतले पुरुष बुडी मारून ते खरवडून आणतात. पुढचं काम बायकांचं. तांदूळ, खोबरं, बडीशेप आणि बारके कांदे वाटून ते पीठ शिंपल्यांत भरायचं, वाफवायचं, मग शिंपल्यातून सोडवून मिरचीच्या वाटणात घोळवून तळायचं. संध्याकाळी शहरातली चहाची दुकानं आमच्या डब्यांची वाट बघतात. डबा उशिरा गेला तर गिऱ्हाईक मालकाला शिव्या घालतं, मालक आम्हाला.

हे सगळं उभं केलं माझ्या थोरल्या बहिणीने, बीवीने. मी तिला इत्ता म्हणते, इत्ता म्हणजे ताई. म्हणून सगळी गल्लीच तिला इत्ता म्हणते. तिचा नवरा आखातात गेला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला. बातमी आली त्या दिवशी इत्ता रडली की नाही ते मला सांगता यायचं नाही, कारण ती दिवसभर कांदे सोलत होती. दुसऱ्या दिवशी तिने मोठी कढई चढवली. त्यावर मुली वाढल्या, त्यांची लग्नं झाली, मी विधवा झाले तेव्हा माझंही भागलं. गल्लीतल्या निम्म्या घरांची चूल इत्ताच्या चुलीवर पेटते. ती विझली तर काय, हे आमच्यात कोणी मोठ्याने बोलत नाही.

ओहोळाच्या पलीकडे मैलापाणी शुद्ध करायचा प्लँट आहे. तो येणार म्हणून कळलं तेव्हा गल्ली रस्त्यावर बसली होती, आणि सगळ्यांत पुढे इत्ता. "शहराने हगायचं आणि वास आम्ही घ्यायचा?" ती एका मोठ्या साहेबाला तोंडावर म्हणाली होती. तरी प्लँट आलाच. आणि आला तो चांगला चालला. आधी शहराची घाण तशीच ओहोळातून यायची. ती निवळत गेली. खडकांवरचे शिनाणे टपोरे झाले. एका सकाळी इत्ता मागच्या दारात बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "चुकलं माझं. चांगलं काम केलं मेल्यांनी."

त्या मेल्यांतलाच एक नौफल. प्लँटचा तरुण इंजिनियर. घरोघरची गटारं पाइपाला जोडून घ्या म्हणून सांगत फिरत होता. आमचं दार उघडलं इत्ताच्या धाकट्या मुलीने, जसीलाने. गटार जोडायला त्याला चार वेळा यावं लागलं, इतकं काही ते अवघड नव्हतं. "प्लँटने ओहोळापलीकडची जागा नेली आणि जावई दिला," इत्ता निकाहाच्या दिवशी म्हणाली. "व्यवहार वाईट नाही."

यंदा रमजानच्या थोडं आधी वास परत आला. मग ओहोळ काळा झाला. बुडी मारणारे जवळचे खडक सोडून होड्या घेऊन लांब जायला लागले. चहावाले विचारायला लागले, "शिनाणे कुठले? तिथले नाहीत ना?" ईद उलटली आणि नगरपालिकेने शोध लावला. चेरियपळ्ळीच्या बायका तळणीचं तेल गटारात ओततात, त्या तेलाने प्लँटचा गळा दाबला. सबब, तळणाची स्वयंपाकघरं सील. पहिलं आमचं.

नौफल आला तेव्हा दुपार होती. पुदियाप्ला दुपारी आला म्हणजे एकतर कोणी गेलं, नाहीतर नोकरी गेली. जसीला जिन्यावरून धावत खाली आली, त्याच्या हातातली पिशवी बघितली, त्याचा चेहरा बघितला आणि तशीच वर निघून गेली.

पडद्याआडून इत्ता मला म्हणाली, चांगल्या खणखणीत आवाजात, "रुखिया, पुदियाप्लाला विचार, ताप-बीप नाही ना?"

"ताप नाही ना?" मी विचारलं.

"नाही, एळाम्मा." मावशीला आमच्यात एळाम्मा म्हणतात, आणि आईला, सासूलाही, उम्मा. "उम्मांना सांगा, मी ऑफिसच्या कामाने आलोय."

"म्हणतो, ऑफिसच्या कामाने आलोय."

"ऐकलं. म्हातारी झाले, बहिरी नाही. पिशवीत काय आहे विचार."

नौफलने मान खाली घातली. "कुलूप."

"कशाचं?" हे मी माझ्या मनाने विचारलं.

"स्वयंपाकघराचं. आणि लाख आहे. सील करायला."

पडद्यामागे नुसतं तेल तडतडत होतं. मग झारा कढईच्या काठावर आपटल्याचा आवाज आला.

"त्याला सांग," इत्ता म्हणाली, "या घरात जावयाला आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही. स्वयंपाकघर हवंय? त्याचंच आहे. आत यावं आणि लावावं."

नौफल उंबरठ्यापासून दोन हातांवर थांबला. आमचा उंबरठा फणसाच्या लाकडाचा, बायकांच्या पायांनी मधोमध झिजलेला. तो त्या खळग्याकडे विहिरीत डोकावावं तसा बघत राहिला.

"एळाम्मा, तुम्ही लावता का?"

"मी? नगरपालिका मला पगार देते?"

"मग उम्मा..."

"तिचे हात तेलाचे आहेत."

"मग बाहेरून दार ओढून घेतो."

"दार आतल्या बाजूने लागतं. आत जाऊनच ओढावं लागेल."

हे अर्धंच खरं होतं, पण त्याने आजवर ते दार बघितलंय कुठे? तेवढ्यात आतून ताट आलं. तुपातला भात, कोंबडी, पत्तिरीची, म्हणजे तांदळाच्या पातळ भाकऱ्यांची चळत, वर केळ्याचं गोड. जावई घरात आला आणि उपाशी परत गेला असं आमच्याकडे घडत नाही; मग तो घर बुडवायला का आलेला असेना. नौफलने खाल्लं. बिचाऱ्याने निमूटपणे खाल्लं. आणि कुलूप पिशवीत, पिशवी खांद्यावर आणि पोट पुढे घेऊन ऑफिसात परत गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पुन्हा उंबरठ्यापर्यंत, पुन्हा ताट. त्या दिवशी तर त्याला थोडा वेळ आडवं व्हावं लागलं.

जावयालाच पाठवायची अक्कल कोया साहेबांची. कोया साहेब म्हणजे नगरपालिकेतले त्याचे वरिष्ठ. ते स्वतः आमच्याच गल्लीतले पुदियाप्ला, पळ्ळीच्या, म्हणजे मशिदीच्या मागच्या घरचे. केस पांढरे झाले तरी नवे. त्यांनी हिशेब केला होता की सासू जावयाला नाही म्हणू शकत नाही. घरचा माणूस पाठवला की ना आरडाओरडा, ना पेपरात फोटो. रीत त्यांना पाठ होती. फक्त तिचा पुढचा अर्धा भाग ते विसरले. आयुष्यात कधी स्वयंपाकघर बघितलेलं नसलं की असं होतं.

तिसऱ्या खेपेला नौफल पिशवीशिवाय आला. "उम्मांना सांगा," तो म्हणाला, "कोया साहेब आता स्वतः येणार आहेत. पोलीस घेऊन. शुक्रवारनंतर."

"येऊ दे," इत्ता पडद्यामागून म्हणाली. "पण ज्याच्यापायी माझ्या स्वयंपाकघराला कुलूप, त्याचं स्वयंपाकघर मला आधी बघायचंय. सांग त्याला, उद्या सकाळी येतो आम्ही."

"प्लँटवर?" नौफल दचकून थेट पडद्याशीच बोलला.

"रुखिया, सांग त्याला, हो, प्लँटवर."

सकाळी आम्ही बायका निघालो. इत्ताच्या काखेत तिची जुनी काळी छत्री. आभाळ स्वच्छ होतं. फाटकावरच्या माणसाने विचारलं, "परवानगी आहे का?"

"जावयाच्या घरी जायला परवानगी लागते होय रे?" इत्ता म्हणाली. "तुझ्या सासूला विचारून येऊ?"

त्याने फाटक उघडलं. नौफल धावत बाहेर आला, तशी इत्ताने छत्री फाडकन उघडली आणि दोघांच्या मध्ये आडवी धरली. मग छत्री तशीच राहिली. तो डावीकडे सरकला की छत्री डावीकडे, तो उजवीकडे की छत्री उजवीकडे. प्लँटवरचे कामगार हसू दाबत होते. हसायचं काय त्यात? रीत ती रीत.

नौफल छत्रीला सगळं समजावून सांगत होता. इथे शहराचं मैलापाणी येतं. इथे जाळीवर चिंध्या, प्लॅस्टिक, नको ते सगळं अडतं. आमच्यातली कद्दीसू जाळीकडे बघून म्हणाली, "अल्ला, शहरातली माणसं काय काय गिळतात!" पुढे मोठी टाकी होती, एखाद्या तळ्याएवढी.

"इथे खालून हवा सोडतात," नौफल म्हणाला. "त्या हवेवर बारीक जंतू जगतात. ते घाण खाऊन टाकतात."

"म्हणजे हे तुझं मोठं पातेलं," छत्री म्हणाली.

"हो. तसंच."

पातेलं गार होतं. वर काळी साय धरलेली, इतकी जाड की तिच्यावरून एक कावळा चालत होता. आरामात, बाजारात फिरावं तसा.

"उकळी कुठाय?" इत्ताने विचारलं.

नौफल कावळ्याकडे बघत राहिला.

"रुखिया, त्याला विचार, उकळी कुठाय?"

मला विचारावं लागलं नाही. "हवा सोडणारा ब्लोअर बंद आहे," तो म्हणाला. "मोटर जळली. रमजानच्या आधी. नवीन येणार म्हणतात."

"आणि आमचं तेल?"

"तेल येतं, उम्मा. ते खोटं नाही. पाइपात साय धरते, आम्ही ओढून काढतो. पण तेलाने मोटर जळत नाही. कोया साहेब म्हणाले, मोटरचं नाव काढलं तर वरून विचारणा होते, इतके दिवस काय केलंत म्हणून. तेलाचं म्हटलं तर..."

"तर बायकांना कुलूप लागतं," इत्ता म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण आमचं."

कद्दीसूने एक सणसणीत शिवी दिली, ती मी लिहीत नाही. छत्री थोडी खाली आली होती, पण इत्ताने नौफलकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि बोलत होती त्याच्याशी.

"याला ठाऊक होतं. आमच्या खोलीत बसून, आमच्या हातचं खाताना, याला सगळं ठाऊक होतं. दुपारी कुलूप घेऊन आला तेव्हाही. विचार त्याला, घास कसा उतरला?"

मी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी आल्यावर इत्ताने काय करावं? परसात गेली आणि आमच्याच गटाराचं झाकण उचललं. आत पांढरं-पिवळं थिजलेलं तेल, हाताच्या जाडीचं.

"हे आपलं," ती म्हणाली. "आजपासून एक थेंब गटारात जाणार नाही. जळकं तेल पत्र्याच्या डब्यात साठवायचं. साबणवाला घेऊन जाईल, नाहीतर मी त्याच्या दारात नेऊन ओतीन."

"म्हणजे आपण चूक कबूलच केली की," कद्दीसू म्हणाली. "कोया साहेब नाचतील."

"जेवढी आपली तेवढी कबूल. मोटर आपली नाही. आणि ही चूल मी कोणाच्या मोटरसाठी विझवणार नाही. आखातवाल्यासाठी विझवली नाही, तिथे हा कोया कोण?"

त्या संध्याकाळी जावयाचं ताट नेहमीपेक्षा मोठं होतं. मीच नेऊन ठेवलं. परत आणायला गेले तर जसीला खिडकीकडे तोंड करून उभी, आणि ताट जसंच्या तसं. पत्तिरीचा एक तुकडा मोडलेला, तोही खाल्लेला नव्हता. माझ्या पन्नाशीत मी पुदियाप्लाचं भरलेलं ताट परत आलेलं पहिल्यांदा बघितलं.

"नोकरी जाईल, जसी," तो म्हणत होता.

"जाऊ दे. शिंपले भरायला शीक."

"मस्करी करू नकोस."

"मस्करी नाही. तुला काय वाटलं, उम्माने तुला रोज जेवायला घातलं ते लाड म्हणून? तुझ्या हातून ते कुलूप लागू नये म्हणून. लागलं असतं तर परत कुठल्या तोंडाने इथे जेवला असतास?"

मी ताट उचललं आणि निघाले. ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले तेव्हा इत्ताने त्याकडे बघितलं. भात झाकून ठेवला.

कोया साहेब शनिवारी आले. पांढरी गाडी, दोन बायका पोलीस, लाख, मेणबत्ती, शिक्का. मागे नौफल, कुलपाची पिशवी घेऊन. गल्ली गच्च भरली होती. एरवी पडद्याआड असणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा खिडक्यांत येऊन बसल्या होत्या. आम्ही पोलीसबायांना आधी सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा लिंबाचा चहा दिला आणि सोबत बशीत गरम शिनाणे. पाहुण्या आल्या आहेत घरी, उभ्या ठेवायच्या का?

कोया साहेब आमच्या घरचे पुदियाप्ला नव्हेत, त्यामुळे त्यांना उंबरठ्यापर्यंत यायला अडचण नव्हती. आले. आत कढई चढलेली होती. इत्ता त्यांच्याकडे पाठ करून तळत होती.

"बीवी इत्ता, कायदा आहे. सगळ्याजणी बाहेर या."

"कढई चढलीये, साहेब. एवढी खेप होऊ द्या."

"खेप-बीप काही नाही. तुमच्या तेलाने सगळ्या शहराचा प्लँट बंद पडलाय."

"असं?" कद्दीसू म्हणाली. "पण साहेब, परवा तुमच्या सासरी आमचा डबा आला होता. खाल्लात ना? कसे झाले होते?"

खिडक्यांतून हसू फुटलं. एक म्हातारी ओरडली, "मिटक्या मारत खाल्ले! आमच्या भिंतीपलीकडे ऐकू येत होतं!"

साहेबांची मान लाल झाली. इत्ताने झारा निथळला, शिनाणे परातीत ओतले, दुसरा घाणा सोडला. अजून पाठच होती.

"आज माझं सील करा, साहेब," ती म्हणाली. "उद्या तुमच्या सासूबाईंचं कराल ना? त्यांची कढई माझ्या कढईहून मोठी आहे. ईदला त्यांच्याकडे किती पाहुणे असतात, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"तो विषय वेगळा."

"का? त्यांचं तेल म्हणजे गुलाबपाणी?"

आता गल्ली रस्त्यापर्यंत हसत होती. कोया साहेबांनी पोलीसबायांकडे बघितलं. एकीच्या तोंडात घास होता. ती मोठ्या कष्टाने गंभीर झाली, पण जागची हलली नाही. साहेब मागे वळले आणि चिडून ओरडले, "नौफल! बघत काय उभा राहिलास? कुलूप काढ. सरकारी नोकर आहेस ना? लाव."

नौफलने पिशवीतून कुलूप काढलं. चांगलं जाडजूड पितळी कुलूप. तो उंबरठ्याशी आला आणि नेहमीच्या जागी थांबला. जसीला जिन्याच्या पायरीवर उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. माझ्या मनात आलं, आता संपलं. हा बाहेरूनच दार ओढणार, आणि ते बाहेरून लागतं हे त्याला कळणार.

नौफलने उजवा पाय उचलला, झिजलेल्या उंबरठ्यावर ठेवला, आणि आत आला.

कद्दीसू "या अल्ला" म्हणून बाजूला झाली. तो कढईजवळून, माझ्या शेजारून, भरलेल्या टोपल्यांमधून वाट काढत गेला, वरवंट्याशेजारी कुलूप ठेवलं आणि बुटक्या पाटावर, शिंपल्यांच्या ढिगाशेजारी बसला. गुडघे कानांपर्यंत आले. तो पाट आमच्या उंचीचा आहे.

"आता लावा, साहेब," तो म्हणाला. "बाहेरून लावा."

"वेड लागलंय का तुला? बाहेर ये!" कोया साहेबांच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता, नुसता धक्का होता. "पुदियाप्ला स्वयंपाकघरात बसतो? लाज नाही?"

"मोटर जळली आहे, साहेब." त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जाईल इतका मोठा होता. "रमजानच्या आधीपासून जळली आहे. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आता या सगळ्यांनाही. तेल या बायका डब्यात साठवतायत, परसात जाऊन बघा. मला आत ठेवून सील करा, नाहीतर मोटर आणा. दोन्हीपैकी एक करा."

आत माणूस ठेवून दाराला सील लागत नाही, हे कायदा न शिकलेल्या बाईलाही कळतं. आणि सासरच्या स्वयंपाकघरात बसलेल्या पुदियाप्लाला हाताला धरून ओढायला आत जायचं, तर कोया साहेबांना तो उंबरठा ओलांडावा लागला असता. खिडक्यांत त्यांच्या सासूबाई होत्या.

आणि तेव्हा इत्ता वळली.

तिने आधी छत्रीकडे बघितलं. छत्री दाराशेजारच्या खुंटीवर, साहेबांच्या खांद्यामागे. हात पोचायचा नाही. मग तिने डोक्यावरचं कापड पुढे ओढलं, थोडं थांबली, आणि परत मागे टाकलं. लग्नाला वर्ष होत आलं होतं. तिने जावयाचा चेहरा त्या क्षणी पहिल्यांदा बघितला, जवळून, भर उजेडात.

"बारीक आहे की गं हा," ती मला म्हणाली. "इतकं खाऊन?"

मग त्याला म्हणाली, थेट त्याला, मध्ये मी नाही, पडदा नाही, "मोने, कांदे सोलता येतात का?" आईने लेकराला घालावी तशी हाक.

"नाही, उम्मा."

"मग नुसता बसून काय करणार आहेस? शीक." आणि पायाने कांद्यांची टोपली त्याच्यापुढे सरकवली.

तो सोलायला लागला. इतके वाईट कांदे मी जन्मात कोणाला सोलताना बघितले नाहीत. सालींबरोबर अर्धा कांदा जात होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. साहेब उंबरठ्याबाहेर उभे राहून ते बघत होते, आणि ते कांद्याचं पाणी की दुसरं, हे त्यांना ठरवता येत नसावं. मलाही आलं नाही. मेणबत्ती वितळून लाखेच्या कांडीवर सांडली. शेवटी एक पोलीसबाई हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, निघायचं का? डबा बांधून देतायत त्या."

ते डबा न घेता गेले. संध्याकाळी त्यांच्या सासरी आम्हीच पोचवला. रीत ती रीत.

त्यानंतर रोज सकाळी तळण चढवायच्या आधी इत्ता आणि गल्लीतल्या बायका प्लँटच्या फाटकापाशी जायच्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. इत्ता नुसतं विचारायची, "मोटर आली का?" फाटकावरचा माणूस म्हणायचा, "नाही." मग सगळ्या तिथेच बसून बारके कांदे सोलायच्या, दिवसाचे सगळे कांदे, आणि सालींचा ढीग फाटकात ठेवून यायच्या. पेपरवाले आले. फोटो आला: सालींचा ढीग, त्यामागे साहेबांची अडकलेली गाडी. नौफलची डोंगरातल्या एका गावी बदली निघाली, मग रद्द झाली, कारण तिथे प्लँटच नाही हे कोणाच्या तरी उशिरा लक्षात आलं.

आणि एका सकाळी मागच्या दारात भांडी घासताना मला ओहोळापलीकडून घरघर ऐकू आली. मी इत्ताला हाक मारली. ती ओले हात घेऊन आली, ऐकत उभी राहिली.

"चढलं पातेलं," ती म्हणाली.

ओहोळ अजून पुरता निवळलेला नाही. बुडी मारणारे म्हणतात, जवळच्या खडकांवर बारके शिनाणे धरायला लागलेत, पण त्यांना वेळ द्यावा लागेल. ठीक आहे. पिठाला फुगायला वेळ लागतो, तो आम्ही देतोच की. जळकं तेल डब्यात जातं, डबे साबणवाल्याकडे. पितळी कुलूप वरवंट्याशेजारीच आहे. भिजवलेल्या तांदळावरचं फडकं उडू नये म्हणून वजनाला बरं पडतं. नगरपालिकेने परत मागितलेलं नाही.

नौफल आता दुपारीसुद्धा येतो. स्वयंपाकघराच्या दारात चपला काढतो, आत येतो, आपला पाट ओढतो. कांदे अजून वाईटच सोलतो. इत्ता त्याच्याशी आता पडद्याआडून बोलत नाही. सरळ बोलते. मोटरचं, गाळाचं, भाताचं, त्याच्या शर्टाच्या तुटलेल्या बटणाचं, सगळ्याचं, तो घरात असेल तितका वेळ, न थांबता.

कधी कधी तो पडद्याकडे बघतो तेव्हा मला वाटतं, त्याला पडदाच बरा वाटत असावा.